कराराची मुदत नव्हे, नोटिशीची तारीख: लातूरच्या डाळमिलचे करार ऑनलाइन नेताना

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम डाळमिलला किती करार लागतात, हे कपाट रिकामं करेपर्यंत कोणी मोजत नाही. आम्ही मोजले तेव्हा १८४ निघाले. भाड्याच्या गोदामांचे ११, ट्रान्सपोर्टवाल्यांचे दरकरार २३, बारदाना आणि छपाईच्या पिशव्या पुरवणाऱ्यांचे १४, कलर सॉर्टर (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं यंत्र), काँप्रेसर, जनरेटर आणि वजनकाट्याच्या देखभालीचे ९. उरलेल्यांत वितरक, मजुरीवर डाळ भरडून देणं-घेणं, हमालीची टोळी, सुरक्षा रक्षक, बँकेचे दस्त. १८४ पैकी ६१ करारांची मुदत उलटून गेली होती आणि काम मात्र जुन्याच दराने किंवा तोंडी ठरलेल्या नव्या दराने चालू होतं. वेबवर चालणारं करार-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेण्याचं ठरलं ते या ६१ मुळे.

कामाला मे महिना निवडला. तुरीची आवक तोवर ओसरलेली असते आणि सोयाबीनला ऑक्टोबरपर्यंत वेळ असतो. हंगामात हे काम काढलं तर मुनीम, गोदामपाल आणि हिशेबनीस यांच्यापैकी एकालाही दोन तास सलग बसता येत नाही, आणि अर्धवट भरलेली नोंदवही कोऱ्या वहीपेक्षा जास्त फसवते. आम्हाला सहा आठवडे लागले. त्यातले चार आठवडे सॉफ्टवेअर उघडलंही नव्हतं.

पहिलं काम म्हणजे काय आत घ्यायचं नाही हे ठरवणं. दलालामार्फत होणारे रोजचे सौदे, बाजार समितीतल्या खरेदीच्या पट्ट्या, एका ट्रकपुरत्या भाड्याच्या चिठ्ठ्या यांतलं काहीही आत घेतलं नाही. त्यांची जागा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सौदावहीत आहे. ज्या व्यवहारातून पुढे एखादी तारीख, एखादा दर किंवा एखादी जबाबदारी शिल्लक राहते, तोच करार म्हणून घेतला. ही रेघ आधी मारली नाही तर महिनाभरात यादी तीन हजारांवर जाते आणि महत्त्वाचे दोनशे त्यात बुडतात.

मग कागद. प्रत्येक कराराचे तीन भाग एकत्र शोधावे लागतात: मूळ करार, नंतरची पुरवणी पत्रं आणि जोडपत्रं. दरकरारात खरा दर बहुतेक वेळा जोडपत्रातच असतो आणि तेच कागद वेगळ्या फायलीत, क्वचित ट्रान्सपोर्टच्या बिलांना टाचलेले सापडतात. स्कॅन ३०० डीपीआयला केलं. २०० ला फाईल हलकी होते, पण शिक्क्याखालची अक्षरं आणि नोटरीचा नोंद क्रमांक वाचता येत नाही. मोबाईलवरच्या स्कॅनिंग ॲपने काढलेल्या प्रती कडेला वाकड्या आल्या. त्या सगळ्या परत सपाट काचेच्या (फ्लॅटबेड) स्कॅनरवर घेतल्या. फाईलला नाव देताना वर्ष, पक्षाचा सांकेतिक क्रमांक, कराराचा प्रकार आणि आवृत्ती हा क्रम ठेवला. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘शेवटचा’ असे शब्द फाईलच्या नावात चालणार नाहीत, असा नियम केला.

मराठी करारांत एक अडचण हमखास येते. आपल्याकडचे २०१२-१५ पर्यंतचे बरेच मसुदे श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. अशी वर्डची फाईल तशीच चढवली तर ‘गोदाम’ शोधल्यावर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी देवनागरी अक्षरं कळतात त्या पद्धतीत, रूपांतर करून घेतलं तरी जोडाक्षरं आणि रफार तपासावेच लागतात. ‘दुरुस्ती’, ‘मर्यादा’, ‘कार्यवाही’ हे शब्द सर्वात आधी बिघडतात. ज्यांची वर्डची फाईल उरली नाही, त्यांचं स्कॅन ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या सोयीतून, काढलं. छापील मराठी बऱ्यापैकी वाचलं जातं, पण देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि दराच्या रकान्यात ही गल्लत महाग पडते. म्हणून ओसीआरचा मजकूर फक्त शोधासाठी वापरायचा. आकडा मूळ कागदावर बोट ठेवूनच भरायचा.

गावांच्या नावांचंही लक्षात ठेवावं. जुन्या करारांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे; २०२३ नंतरच्या करारांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. मूळ मजकूर बदलायचा नाही. नोंदीत शोधशब्दांचा रकाना असतो, तिथे दोन्ही नावं टाकायची. नाहीतर ‘धाराशिव’ शोधणाऱ्याला तिथल्या गोदामाचा २०१९ चा करार दिसणारच नाही.

आता ज्या रकान्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याकडे येतो. बहुतेक लोक, आणि बहुतेक सॉफ्टवेअरही, कराराची ‘संपण्याची तारीख’ हा मुख्य रकाना धरतात. आमच्या कामाची तारीख ती नाही. गोदामाचा करार ३० सप्टेंबरला संपतो आणि सोडायचं किंवा दर बोलायचा असेल तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची असं कलम आहे, म्हणजे ठरवायची शेवटची तारीख १ ऑगस्ट. कलमात ‘नोटीस मिळाल्यापासून’ असं असेल तर टपालाचे दिवस आणखी मागे मोजायचे. आम्ही सात धरतो. तेव्हा २५ जुलै. आणि ठरवण्याआधी दुसरी दोन गोदामं पाहायची, भाव काढायचे, रस्ता पावसात ट्रकला चालतो का बघायचं, यासाठी महिनाभर हवा. म्हणजे पहिली आठवण २५ जूनला. सॉफ्टवेअर आपणहून ३० दिवस आधी आठवण देतं, म्हणजे ३१ ऑगस्टला. त्या दिवशी नोटिशीची मुदत जाऊन महिना झालेला असतो, सोयाबीनची आवक तोंडावर असते आणि गोदाममालकाला दर सांगायला पूर्ण मोकळीक असते. ६१ उलटलेल्या करारांपैकी गोदामांचे जे होते, ते सगळे असेच हुकले होते.

म्हणून प्रत्येक कराराला चार तारखा दिल्या: सुरुवात, समाप्ती, नोटिशीची शेवटची तारीख, विचार सुरू करायची तारीख. तिसरी आणि चौथी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तयार नसते, स्वतःचा रकाना म्हणून जोडावी लागते. ज्या करारात नोटिशीचं कलमच नाही, तिथे रकाना रिकामा सोडायचा नाही. ‘कलम नाही’ असं लिहायचं. रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ होतात, भरायचं राहिलं किंवा मुळात नाही, आणि वर्षानंतर यातला कोणता ते कोणालाच सांगता येत नाही. आपोआप नूतनीकरण होणारे करारही वेगळे खूण करून ठेवले. यंत्रांच्या देखभालीच्या आणि सॉफ्टवेअरच्याच वर्गणीच्या करारात हे कलम बारीक अक्षरात असतं.

नोटीस कशी पाठवायची हाही रकाना ठेवला. जुन्या करारांत ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ असंच लिहिलेलं असतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन केलं. त्यामुळे नव्या नमुन्यात आम्ही ‘स्पीड पोस्टाने, पोच नोंदीसह, आणि खाली दिलेल्या ईमेलवर’ असं लिहितो. ईमेलचा पत्ता करारातच छापून घेतो. तो नसेल तर ‘मला मिळालाच नाही’ याला उत्तर नसतं.

पाडव्याचा मुद्दा आपल्या भागाचा खास. हमालीचे दर, ट्रॅक्टरची वाहतूक, राखणदार अशी कामं ‘पाडवा ते पाडवा’ ठरतात, सालगड्यासारखीच. सॉफ्टवेअरला पाडवा कळत नाही, त्याला तारीख लागते. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता, २०२६ चा १९ मार्चला. म्हणजे ‘एक वर्ष’ अशी मुदत टाकली की सॉफ्टवेअर २९ मार्च २०२६ दाखवतं, आणि टोळीच्या हिशेबाने साल दहा दिवस आधीच संपलेलं असतं. अधिक मास असलेल्या वर्षी उलटं होतं, साल लांबतं. आम्ही अशा करारांत मुदत महिन्यांत देत नाही. पंचांग बघून दोन्ही तारखा हाताने टाकतो आणि करारातही तारीख लिहून, शेजारी ‘गुढीपाडवा’ असं लिहितो. दर ठरवायची बैठक पाडव्याच्या तीन आठवडे आधी लावलेली असते.

पक्षांची यादी करताना एकाच माणसाच्या नावाचे अनेक अवतार निघाले. ‘मे.’, ‘मेसर्स’, ‘श्री’, ‘श्रीराम’, ‘श्री राम’, इंग्रजीत दोन स्पेलिंगं. नावावरून जुळवाजुळव होत नाही. पॅन हीच किल्ली धरावी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजेच पॅन. तेव्हा बिलावरचा जीएसटी क्रमांक मिळाला तरी काम होतं. एकाच पॅनखाली दोन राज्यांतले दोन जीएसटी क्रमांक असू शकतात. ते दोन पक्ष धरायचे नाहीत, एकाच पक्षाचे दोन पत्ते धरायचे. याच टप्प्यावर दुसरी चूकही सापडते. एकट्या मालकाच्या दुकानाला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं. करार दुकानाच्या नावाने न करता ‘अमुक ट्रेडर्सतर्फे मालक अमुक’ असा हवा. भागीदारी असेल तर सही करणाऱ्या भागीदाराचं अधिकारपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, आणि ते कराराच्याच नोंदीला जोडलेलं. आमच्याकडे १९ करारांत सही करणाऱ्याचा अधिकार दाखवणारा एकही कागद नव्हता. ते मागवायला सर्वात जास्त फोन झाले.

हे सगळं एक्सेलमध्ये भरून मग एकदम आत चढवलं. पहिल्या प्रयत्नात तीन गोष्टी बिघडल्या आणि तिन्ही कोणालाही होतील अशाच आहेत. एक, एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली मजकुराची फाईल) काढली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडायचा. दोन, रकमा. १,२५,००० असा स्वल्पविराम असलेला आकडा सॉफ्टवेअरने मजकूर समजून घेतला आणि बेरजेतून वगळला; आकडे स्वल्पविरामाशिवाय हवेत. तीन, सर्वात घातक, तारखा. सॉफ्टवेअरची मूळ मांडणी अमेरिकी होती, महिना आधी. ०५-०४-२०२५ म्हणजे आपला ५ एप्रिल, त्याने ४ मे घेतला. ज्या तारखांत दिवस १२ च्या पुढे आहे तिथे त्याने चूक दाखवली, म्हणून आम्ही तेवढ्याच दुरुस्त केल्या. १२ किंवा त्याआधीच्या तारखा मात्र गुपचूप उलटून बसल्या. ४३ नोंदी अशा निघाल्या. चढवण्याआधी सगळ्या तारखा २०२५-०४-०५ अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहाव्यात, खात्याच्या सेटिंगमध्ये देश आणि वेळेचा पट्टा (टाइम झोन) भारताचा करावा, आणि आधी दहाच नोंदी चढवून त्यात ५ एप्रिलसारखी एक तारीख मुद्दाम ठेवावी.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. आमच्या मते तो शेवटचा. झोहो काँट्रॅक्ट्स, स्पॉटड्राफ्ट अशी भारतीय उत्पादनं आहेत, सहीपुरतं लीगॅलिटी, डिजिओ यांसारखी सेवा आहे, आणि मोठ्या कंपन्यांसाठी आयसर्टिससारखी. २०० करारांच्या मिलला मोठ्या प्रणालीची गरज नाही. चाचणीच्या पंधरा दिवसांत एवढंच पाहिलं: मराठी मजकुरात शोध लागतो का, स्वतःचे तारखेचे रकाने जोडून त्यांवर आठवण लावता येते का, आकारणी माणशी आहे की कागदामागे, आणि वर्गणी बंद केली तर सगळे पीडीएफ, नोंदी आणि सह्यांचा इतिहास बाहेर काढता येतो का. दर विचारताना १८ टक्के जीएसटी आणि आधार-सहीचं (आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने होणारी ऑनलाइन सही) प्रत्येक सहीमागचं शुल्क वेगळं धरावं. नेट अधूनमधून जातं, वीजही जाते. लांबलचक अर्ज एकाच पानावर असेल आणि मधे जतन होत नसेल तर अर्धा तास वाया जातो. हे विक्रेत्याच्या सादरीकरणात कळत नाही. आपण भरत असताना राउटर बंद करून पाहावं.

करार वाचून तारखा आणि दर आपोआप काढून देण्याची सोय आता बहुतेकांत असते. इंग्रजी छापील करारांवर ती उपयोगी पडली. मराठीत नाही. ‘दीड टक्का’, ‘सव्वा लाख’, ‘अडीच रुपये कट्ट्यामागे’, ‘साडेबारा’ या शब्दांपुढे ती अडखळते. सव्वा लाखाचे तिने एक लाख केले. नमुन्यातल्या रिकाम्या जागा पेनाने भरलेल्या असतील तर त्या ती सोडूनच देते. तेव्हा तिने सुचवलेलं मूल्य हे फक्त सुचवलेलंच धरायचं आणि दुसऱ्या माणसाने मूळ कागदाशी ताडल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. भरणारा आणि ताडणारा एकच नको.

मसुदा तयार करण्याची शिस्त बसायला वेळ लागला. पूर्वी वर्डची फाईल व्हॉट्सॲपवर वकीलसाहेबांकडे जायची, त्यांच्याकडून पुरवठादाराकडे, आणि सहीला आलेली प्रत कितवी हे कोणालाच ठाऊक नसायचं. आता बदल सॉफ्टवेअरमधल्याच मसुद्यात होतात, कोणी काय बदललं ते दिसतं, आणि मंजुरी झाली की मसुदा कुलूपबंद होतो. पाच लाखांवरच्या कराराला दोन मंजुऱ्या. गोदामपालाला करार दिसतो पण दराचा रकाना दिसत नाही. वकिलांना मसुदा बदलता येतो पण मंजूर करता येत नाही. सीएंना सगळं दिसतं, बदलता काही येत नाही. नमुने आठच ठेवले. नमुन्यात कोणती वाक्यं बदलायची नाहीत ती कुलूप लावून ठेवली, बाकीच्या जागा रकान्यांतून भरतात.

स्टॅम्प आणि सही इथे घाई केली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे स्टॅम्प सही करण्याआधी, करताना, किंवा फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी लागतो. सॉफ्टवेअरमधून सहीची लिंक आज गेली, समोरच्याने आजच सही केली आणि स्टॅम्प पुढच्या आठवड्यात आणला, तर कागद सदोष झाला. कमी पडलेल्या शुल्कावर महिन्याला २ टक्के दंड चढतो आणि तोवर तो कागद कोर्टात पुरावा म्हणून दाखल होत नाही. म्हणून आमच्या क्रमात ‘स्टॅम्प जोडला’ ही पायरी पूर्ण झाल्याशिवाय सहीची लिंक सुटतच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० किंवा २०० चा स्टॅम्प चालायचा तिथे ५०० चा लागतो. जुने नमुने कॉपी करणाऱ्यांची चूक इथेच होते. स्टॅम्प करारातल्या पक्षांपैकी एकाच्या नावाने हवा, आणि घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा. कोणत्या कराराला किती शुल्क, याचा एक तक्ता वकिलांकडून करून घेतला आणि तो प्रत्येक नमुन्याला जोडला.

गोदामाचा लिव्ह अँड लायसन्स करार या सहीच्या सोयीत बसवायचा नाही. त्याची नोंदणी लागते, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. ऑनलाइन नोंदणी होते, पण ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून, अंगठा आणि छायाचित्र देऊन. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मसुदा तयार होतो, नोंदणी तिकडे होते, आणि नोंदणीकृत प्रत परत इकडे दस्त क्रमांकासह जोडली जाते.

बाकी व्यापारी करारांना इलेक्ट्रॉनिक सही चालते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०ए ने ऑनलाइन झालेला करार केवळ ऑनलाइन आहे म्हणून अवैध ठरत नाही. मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र मात्र या कायद्याबाहेर आहेत; वचनचिठ्ठी आणि मुखत्यारपत्रही, बँकांसाठीचे अपवाद सोडले तर. आम्ही आधार ई-सही वापरतो. तिच्यात जे अडतं ते असं: आधारला जोडलेला मोबाईल जुना किंवा मुलाकडे असतो, त्यामुळे ओटीपी भलत्याच गावी जातो, आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असतं, लिंकची मुदत संपते. लिंक पाठवण्याआधी फोन करून ‘आधारचा मोबाईल हाताशी आहे का’ एवढं विचारलं की निम्म्या तक्रारी मिटतात. औसा, निलंगा भागातल्या वयस्क ट्रकमालकांना आम्ही आग्रह करत नाही. ते ऑफिसात येतात, कागदावर सही करतात, प्रत स्कॅन होते, आणि मूळ कागदाचा कपाट-खण-फाईल क्रमांक नोंदीत लिहिला जातो. तोही करार तेवढाच पक्का.

सही झालेल्या पीडीएफला नंतर हात लावायचा नाही. आकार कमी करणं, दोन फायली जोडणं, पानावर शिक्का चिकटवणं, यांतलं काहीही केलं की सही तुटल्याचं दिसतं. छापून काढलेल्या प्रतीवर सहीचा चौकोन दिसतो, पण ती प्रत तपासता येत नाही. तपासता येते ती फाईलच. ॲडोबमध्ये ‘वैधता अज्ञात’ असं पिवळं चिन्ह येतं म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्या संगणकावर सह्यांची खातरजमा करणारं भारतीय मूळ प्रमाणपत्र विश्वासू म्हणून नोंदलेलं नसतं, एवढंच कारण असतं.

करार झाल्यावर त्यातली कामं कोण पाहतो, हा भाग सॉफ्टवेअर विकणारे फारसा सांगत नाहीत आणि पैसा इथेच वाचतो. बारदान्याचा पुरवठादार उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा २००६ प्रमाणे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. करारात ६० दिवस लिहिले तरी कायदा ४५ च धरतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेल्या तरतुदीने (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच)) मुदतीबाहेर गेलेला खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणून पक्षाच्या नोंदीत उद्यम क्रमांक आणि ‘उत्पादक की व्यापारी’ हा रकाना सक्तीचा केला, आणि १४ पैकी ज्या ५ करारांत ६० दिवस होते ते पुरवणी कराराने बदलले.

ट्रान्सपोर्टच्या दरकरारात डिझेलचं कलम असतं: करारातल्या पायाभूत दरापेक्षा अमुक टक्के फरक पडला की भाडं अमुक प्रमाणात बदलायचं. सॉफ्टवेअर हा हिशेब करत नाही. पायाभूत दर, त्या दराचा पंप आणि तारीख, आणि दर महिन्याच्या १ तारखेला तपासण्याचं काम, अशी नोंद केली की हिशेबनीस पाच मिनिटांत ठरवतो. पूर्वी भाडं वाढायचं तेव्हा ट्रान्सपोर्टवाला आठवण करायचा. कमी व्हायचं तेव्हा कोणीच करत नसे. मालाच्या करारात ओलावा, कचरा आणि डागी दाण्याचे टक्के स्वतंत्र रकान्यांत. सोयाबीनला १०-२-२ हे प्रमाण सगळ्यांच्या तोंडी असतं, पण वर एक टक्का निघाला तर कपात किती, तपासणी कोणाच्या काट्यावर आणि कोणाच्या मीटरने, हे कागदावर नसेल तर गेटवरच भांडण होतं.

कराराला लटकलेल्या कागदांच्याही मुदती असतात. गोदामाच्या आगीच्या विम्याची, वैधमापन खात्याच्या काट्यावरच्या मुद्रांकनाची, ट्रकच्या फिटनेसची. या तारखा कराराच्या नोंदीखाली उपनोंदी म्हणून टाकल्या. विमा संपलेल्या गोदामात माल ठेवला तर करार कितीही चांगला असो, नुकसान आपलंच.

आठवणी ईमेलने येतात आणि ईमेल मिलमध्ये कोणी दिवसभर पाहत नाही. प्रत्येक आठवण दोन माणसांना लावली, त्यातली एक मालकांच्या मोबाईल कॅलेंडरमध्ये. वेळेचा पट्टा आधी भारताचा केलेला नव्हता तेव्हा मध्यरात्रीची आठवण पहाटे साडेपाचला यायची आणि सकाळपर्यंत खाली जायची. आता अकरा वाजता येते, जेव्हा पहिली आवक उतरून झालेली असते. सोमवारी पुढच्या ९० दिवसांची यादी कागदावर छापून मुनिमांच्या टेबलावर जाते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावरच्या आठवणी तशाच राहतात, म्हणून माणूस बदलला की त्याच दिवशी त्याच्या नावावरचे सगळे करार दुसऱ्याच्या नावावर करायचे.

शेवटी प्रती. दर तिमाहीला सगळे पीडीएफ, नोंदींची सीएसव्ही आणि प्रत्येक ई-सहीचा वेगळा इतिहास-अहवाल हार्ड डिस्कवर उतरवतो. हा अहवाल पीडीएफच्या आत नसतो, वेगळा डाउनलोड करावा लागतो. वर्गणी संपल्यावर तो मिळेलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक कागद कोर्टात द्यायचा तर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईलमधून निघणारा, तिच्यात काहीही बदललं की बदलणारा सांकेतिक क्रमांक) लिहावं लागतं. ते ऐनवेळी काढण्यापेक्षा उतरवतानाच काढून सीएसव्हीच्या शेवटच्या रकान्यात ठेवतो; विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-२५६ मूल्य काही सेकंदांत मिळतं. डिस्क दोन आहेत. एक मिलमध्ये, एक सीएंच्या ऑफिसात, आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांची अदलाबदल होते. त्याच शनिवारी कपाटातले कोणतेही पाच मूळ करार काढून त्यांच्या नोंदीशी ताडून पाहतो. गेल्या वेळी पाचपैकी एकात नोटिशीचे दिवस ३० ऐवजी ९० निघाले. पुरवणी पत्र टाचणीने मागच्या पानाला लागलेलं होतं आणि स्कॅन करताना सुटलं होतं.